फोटोत काय घ्यायचं आणि काय सोडायचं? – इयत्ता चौथीच्या वर्गातला एक उपक्रम



सप्टेंबरच्या पालकसभेत एका आजोबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, घरी आम्ही पोरांच्या हातातला मोबाईल हिसकून घ्यायलोत आन् तुम्ही शाळेत त्यांच्या हातात द्यायलात म्हणं. खरं हाय का?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न बरोबर होता. मी पिशवीतून लग्नपत्रिकेचा एक कापलेला पुठ्ठा काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "बाबा, सध्या हा आमचा मोबाईल. यातून बघा." त्यांनी एक डोळा मिटून पुठ्ठ्याच्या भोकातून सभेकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघितलं आणि बराच वेळ पुठ्ठा खाली ठेवलाच नाही.

मुलांना फोटोची मांडणी, म्हणजे ज्याला फोटोवाले कॉम्पोझिशन म्हणतात, ती कशी शिकवली आणि शिकवता शिकवता मी स्वतः कुठे कुठे चुकले, ते या लेखात सांगते. मी फोटोग्राफर नाही. डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट दिली होती, त्यात स्थिरचित्र काढताना सर म्हणायचे, "तांब्या कागदाच्या कोपऱ्यात का बसवलास, तो रुसलाय का?" माझं मांडणीचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

सुरुवात कुठून झाली?

सुरुवात माझ्या लाजेतून झाली. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आपल्याला प्रत्येक उपक्रमाचा फोटो लागतो. फळ्यावर तारीख आणि दिनविशेष, खाली मुलं ओळीत, सगळ्यांचे हात वर, बाजूला मी. जुलैमध्ये अहवालासाठी मागच्या वर्षाचे फोटो काढायला बसले तर फळा वाचल्याशिवाय मला हात धुवा दिन कोणता आणि वृक्षारोपण कोणतं ते ओळखता येईना. माझ्याच वर्गाचे, मीच काढलेले फोटो! सगळ्यांना घ्यायचं म्हणून सगळे घेतले होते आणि कुणीच दिसत नव्हतं.

त्यातच १५ ऑगस्टच्या ग्रुप फोटोची प्रिंट आली. मागच्या ओळीतल्या तिघांची डोकी कपाळापासून वर गायब. मोबाईलमध्ये तर डोकी होती! मी फोटो स्टुडिओवाल्या दादांवर चिडले, पण चूक माझी होती. आपल्या मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ या प्रमाणात असतो आणि नेहमीची प्रिंट असते ६ × ४ इंचाची, म्हणजे ३:२. सहा इंच रुंदी धरली तर मोबाईलच्या फोटोला साडेचार इंच उंची हवी. कागद चारच इंचाचा. मग अर्धा इंच कुठून तरी जाणारच, वरून पाव आणि खालून पाव. मी डोकी अगदी वरच्या कडेला टेकवून फोटो काढला होता, म्हणून तीच गेली.

हे गणित मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडलं. डोकं गेलेल्या तिघांपैकी एक जण म्हणाला, "मॅडम, म्हणजी कडंला जागा सोडायची." आमच्या वर्गातला मांडणीचा पहिला नियम असा एका बिनडोक्याच्या विद्यार्थ्याने सांगितला. (हा विनोद त्याचाच आहे, माझा नाही.)

लग्नपत्रिकेचा कॅमेरा

साहित्य : जुन्या लग्नपत्रिका किंवा वहीचे पुठ्ठे, पट्टी, कात्री, काळा दोरा. खर्च शून्य.

पुठ्ठ्यात ८ × ६ सेंटीमीटरची खिडकी कापायची. हे झालं ४:३. एक डोळा मिटायचा आणि खिडकीतून बघायचं. पुठ्ठा डोळ्याजवळ आणला की खूप मोठा परिसर दिसतो, हात लांब केला की थोडाच भाग दिसतो. मुलांना हे सांगावं लागलं नाही, पाच मिनिटांत त्यांनीच शोधलं. मला मात्र एक नवीन गोष्ट कळली. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा जेवढं बघतो तेवढं या खिडकीतून बघायचं तर पुठ्ठा डोळ्यापासून तीन-चार बोटांवर धरावा लागतो. मोबाईलची नजर इतकी रुंद असते! आपल्याला वाटतं आपण समोरच्या मुलीचा फोटो काढतोय, मोबाईल मात्र मुलीसोबत दप्तरं, चपला, झाडू, बादली, खिडकीवर वाळत घातलेलं फडकं असं सगळं गोळा करून आणतो. आपला डोळा नको ते आपोआप वगळतो, मोबाईलला ती अक्कल नाही. म्हणून ठरवणं आपल्यालाच भाग आहे.

पहिले दोन आठवडे आम्ही फक्त पुठ्ठ्यातून बघितलं. रोज परिपाठानंतर दहा मिनिटं. कुठेही उभं राहायचं, खिडकी धरायची आणि शेजाऱ्याला सांगायचं की आत काय आहे आणि काय मुद्दाम बाहेर ठेवलं. "मुद्दाम" हा शब्द महत्त्वाचा. एका मुलीने शाळेची घंटा खिडकीत धरली आणि म्हणाली, "मी घंटीच्या वरची तार बाहेर ठिवली." का? "तार दिसली की घंटी टांगलेली दिसती. तार नाही दिसली की वाटतं आत्ता वाजंल." मला यावर काय बोलावं सुचेना. मी फक्त "हं" म्हटलं आणि तिची खिडकी मागून स्वतः बघितलं.

नऊ घरांचा नियम आणि माझी गडबड

तिसऱ्या आठवड्यात मी इंटरनेटवर वाचून मोठ्या उत्साहाने नऊ घरं शिकवली. खिडकीवर दोन उभे आणि दोन आडवे दोरे समान अंतरावर चिकटवायचे, नऊ सारखी घरं तयार होतात. महत्त्वाची वस्तू मधल्या घरात न ठेवता दोऱ्यांवर किंवा दोरे जिथे एकमेकांना छेदतात त्या चार ठिकाणी ठेवायची. बहुतेक मोबाईलमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू केली की याच रेषा दिसतात.

या नियमाला एक तृतीयांशाचा नियम म्हणतात आणि गंमत म्हणजे तो फोटोग्राफीपेक्षा जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल लिहिताना हे नाव वापरलं. फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला १८३९ साली. म्हणजे कॅमेऱ्याच्या आधी निदान चाळीस वर्षं हा नियम चित्रकारांच्या वहीत होता.

पण झालं काय, मुलांनी नियम पाठच केला. दोन दिवसांत वर्गात जो तो सगळं छेदबिंदूवर बसवू लागला. उभ्या मित्राचं डोकं एका बिंदूवर, बाकी दोन तृतीयांश खिडकीत नुसती भिंत. विचारलं तर उत्तर तयार : "मॅडम, नियम हाय." पाढे पाठ आणि गणित चूक, तसाच प्रकार! मला तेव्हा समजलं की मी उत्तर आधी दिलं, प्रश्न दिलाच नाही.

मग आम्ही शाळेमागच्या टेकाडावर गेलो. आमचा भाग बालाघाटच्या डोंगररांगेचा, चढ-उतार भरपूर, सीताफळाची झाडं जागोजागी. तिथून खाली शिवार आणि वर आभाळ दिसतं. मी नियम बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, "आज कोण जास्त बोलतंय, आभाळ की रान?" त्या दिवशी काळे ढग भरून आले होते. सगळे म्हणाले, आभाळ. "मग आभाळाला किती घरं द्याल?" सहा घरं आभाळाला, तीन रानाला. चार दिवसांनी आभाळ कोरडं झालं आणि खाली बाजरी कणसांनी भरली होती, तेव्हा त्यांनीच उलट वाटणी केली. क्षितिज मधोमध ठेवलं तर दोघांना सारखी जागा मिळते आणि बघणाऱ्याला कळत नाही की कुणाकडे बघायचं. एवढं पटलं की नियम संपला. दोरे हे फक्त वाटणी मोजायला.

आणि मधोमध ठेवायचंच नाही असंही नाही. एका मुलाने विहिरीच्या कठड्यावरून (मी त्याचा दंड घट्ट धरून उभी होते) खाली खिडकी धरली. गोल विहीर, मध्ये गोल पाणी, पाण्यात गोल आभाळ. ते मधोमधच शोभत होतं. तुळशीवृंदावन, रांगोळी, शाळेचं फाटक यांचंही तसंच. ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या, त्याला मध्ये बसू द्या.

डोक्यातून उगवलेला खांब

तुम्ही या लेखातली एकच गोष्ट वर्गात करणार असाल तर ही करा. ध्वजाच्या खांबापुढे एका मुलाला उभं करा आणि बाकीच्यांना पुठ्ठ्यातून बघायला सांगा. त्याच्या डोक्यातून खांब उगवलेला दिसतो. मुलं हसून लोळतात. मग सांगा, फोटो काढणाऱ्याने फक्त दोन पावलं डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं. खांब डोक्यातून निघून बाजूला जातो. उभ्या मुलाला हलवायची गरजच नाही.

आमच्या वर्गात आता "दोन पावलं" हा परवलीचा शब्द झाला आहे. कुणी आळसाने जागेवर उभं राहून बघत असेल तर मागून आवाज येतो, "दोन पावलं!" मागचं गबाळ काढायला दोन पावलं, झाडाची सावली चेहऱ्यावर आणायला दोन पावलं, दारातून येणारा उजेड बाजूने घ्यायला दोन पावलं. भर दुपारी उन्हात फोटो काढला की डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, हे त्यांनी माझ्याच फोटोवरून शिकून घेतलं. त्यावर त्यांचा उपाय : "मॅडम, लिंबाखाली या."

सरकणं जसं डावं-उजवं तसं वर-खालीही. पहिलीच्या मुलांचे मी काढलेले सगळे फोटो माझ्या उंचीवरून होते. त्यात डोकी मोठी, पाय बारके आणि चेहरे वर केलेले. जणू सगळे माझ्याकडे काहीतरी मागतायत. एका मुलाने बाकाखाली बसून माझा फोटो काढला तेव्हा मला त्याचं दुसरं टोक दिसलं. नाकपुड्या, हनुवटी आणि वर पंखा! मी त्या फोटोत भयंकर रागीट दिसते. वर्गाला तो फार आवडला, दोन दिवस भिंतीवर होता. मी लहान मुलांचा फोटो काढताना आता गुडघ्यावर बसते. साडीला माती लागते, पण मूल मुलासारखं दिसतं.

आणखी एक चूक टाळा. चेहरा मोठा हवा म्हणून मोबाईल अगदी जवळ नेऊ नका. रुंद नजरेच्या कॅमेऱ्यात जवळचं नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. बोटांनी ताणून झूम केलं तर चित्र फाटतं. थोडं मागे राहून काढा आणि नंतर कापा.

सहाच फोटो

मोबाईल आला ऑक्टोबरमध्ये. एकच, माझा, तोही विमान मोडवर टाकून. चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येकाला फक्त सहा फोटो. "खोडायचं नाही, परत काढायचं नाही." सुरुवातीला कुरकुर झाली. मी त्यांना सांगितलं की पूर्वी कॅमेऱ्यात रोल असायचा, साध्या रोलमध्ये ३६ फोटो. होमाई व्यारावाला या आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या वापरायच्या त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची चौकट चौरस आणि एका रोलमध्ये फोटो फक्त १२. शिवाय फोटो कसा आला ते रोल धुतल्याशिवाय कळायचं नाही. एका मुलाने हिशोब केला, "मंजी आपल्याला त्यांच्या निम्मे." एवढ्यावर कुरकुर थांबली.

रघु राय यांची गोष्टही सांगितली. इंजिनिअरिंग शिकलेला तरुण, मोठा भाऊ एस. पॉल फोटोग्राफर. एका गावात रघु राय यांना गाढवाचं एक पिल्लू दिसलं. हे जवळ गेले की पिल्लू पळायचं, मागे हे पळायचे, गावातली पोरं हसायची. शेवटी पिल्लू दमून थांबलं तेव्हा फोटो मिळाला. भावाने तो लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्राला पाठवला आणि तो छापूनही आला. ही गोष्ट १९६० च्या दशकातली. मुलांना त्यातलं गाढव आवडलं. मला आवडलं ते थांबणं. पण परिणाम असा झाला की त्या आठवड्यात निम्म्या वर्गाने शेळ्यांमागे पळून पाच-पाच फोटो वाया घालवले. प्रत्येक फोटोत शेळीची शेपटी.

त्या शेपट्यांचाही उपयोग झाला. शेळी जिकडे तोंड करून चालली आहे तिकडे जागा सोडायची, शेपटीकडे नाही. नाहीतर ती फोटोतून बाहेर पडल्यासारखी दिसते. माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूलाही थोडी मोकळी जागा हवी. मुलांनी याला नाव दिलं "चालायला जागा".

शनिवारी चित्रवाचन. भाषेच्या पुस्तकातलं चित्रवाचन आपण सगळेच घेतो, तेच इथे. फोटो लॅपटॉपवर मोठा करायचा, काढणाऱ्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं की नजर आधी कुठे गेली, मग कुठे, कुठे अडकली. "छान", "मस्त" हे शब्द बंद. बांधावरून जाणारी पायवाट कोपऱ्यातून सुरू होऊन दूरच्या बैलगाडीपर्यंत जाते, मग नजरही तिच्यावरून चालत जाते, हे कुणीतरी बोटाने पडद्यावर गिरवून दाखवलं. रेषा नजरेला नेतात असं मी सांगण्याऐवजी हे बरं झालं. शेवटी काढणाऱ्याने सांगायचं की त्याला काय दाखवायचं होतं. पुष्कळदा दोन्ही जुळत नाही. तो मुलगा म्हणतो, "मला आजी दाखवायची होती," आणि सगळा वर्ग म्हणतो, "आमाला तर लाल बादली दिसली." यापेक्षा चांगला धडा कोणता शिक्षक देणार?

याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. निबंध लिहिताना एका मुलीने मधलं वाक्य खोडलं. विचारलं तर म्हणाली, "ही लाल बादली हाय."

भिंतीवर जे नव्हते

आता जे सांगते ते सांगावं की नाही याचा मी विचार करत होते. आमचा भाग ऊसतोड मजुरांचा. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं कारखान्यांकडे जातात, त्यांच्यासोबत मुलंही. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, पण सगळी नाही. माझा वर्ग हिवाळ्यात अर्ध्यावर येतो. फोटोंची भिंत आम्ही याच काळात सजवली. २६ जानेवारीला गावाने ती बघितली, कौतुक झालं, केंद्रप्रमुख सरांनी फोटोंच्या भिंतीचे फोटो काढले.

मार्चअखेर मुलं परत आली. त्यातला एक मुलगा सकाळी वर्गात आला आणि भिंतीपुढे उभा राहिला. एक-एक फोटो बघत गेला. शेवटच्या फोटोपर्यंत गेला, परत पहिल्यापासून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे सगळं कवा झालं?" मी सांगितलं, दिवाळीनंतर. तो "हां" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. तक्रार नव्हती. पण मी दोन महिने मुलांना चौकटीतून काय मुद्दाम बाहेर ठेवलं ते विचारत होते आणि माझ्या स्वतःच्या भिंतीबाहेर कोण राहिलं ते मला एप्रिल उजाडेपर्यंत दिसलं नव्हतं. मुद्दाम नव्हतं, हे खरं. १५ ऑगस्टची डोकीही मी मुद्दाम कापली नव्हती.

परत आलेल्या सगळ्यांना पुठ्ठे दिले, सहा-सहा फोटो दिले. शिकवलं मात्र मी नाही. घंटीवाल्या मुलीने त्या मुलाला आवारात नेऊन खांबापुढे उभं केलं, खिडकी धरायला दिली आणि अर्ध्या तासात सगळं सांगून टाकलं. मी ऐकत होते. तिने नऊ घरांचं नावही काढलं नाही.

त्याच्या घरी फोटो काढायला मी सोबत गेले. मोबाईल माझा, त्यामुळे जावं लागतं. आई उंबऱ्यात बसून सुपात ज्वारी निवडत होती. तो आधी थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग दोन पावलं सरकला, खाली बसला, काहीतरी बोलला आणि एकच फोटो काढला. मी बघितला. सूप, ज्वारी आणि दोन हात. दाराचा उजेड एका बाजूने आलेला, बोटांच्या भेगांपर्यंत सगळं स्वच्छ, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. वरची कड आईच्या गळ्यापाशी संपलेली. चेहरा नाही.

माझ्यातली शिक्षिका लगेच बोलली, "अरे, आईचं डोकं का कापलंस? थोडं मागं सरक."

तो म्हणाला, "आईच म्हणली, तोंड नको घेऊ. उन्हानं करपलंय म्हणली."

मी गप्प बसले. वर्षभरात मी मांडणीचं जे काही शिकवलं त्यात हे कुठेच नव्हतं. कुणाला कितपत दिसायचंय हे त्या माणसाला विचारायचं, आणि मग जी चौकट उरते तिच्यात काम करायचं. त्याने विचारलं होतं. शाळेच्या ग्रुपवर शेकडो फोटो टाकताना मी कधी कुणाला विचारलं होतं?

तो फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. वर्गातल्या भिंतीवर लावायचा का, हे आधी त्याच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "लावा की, कुणाला कळतंय माझे हात हाईत."

दुसरी प्रत घरी द्यायला मी आणि तो मुलगा गेलो. त्यांनी फोटो हातात घेऊन लांब धरला, मग जवळ आणला, आमची मुलं पुठ्ठ्याचं करतात तसंच. म्हणाल्या, "जवारी लय साफ दिसायली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरानंच काढला ना हा? मग फुडच्या येळंला तोंड घेतलं तरी चालंल म्हणावं. पर दिवाळीच्या आधी."

करून बघणाऱ्यांसाठी

पालकांनी घरी करायचं असेल तर मोबाईलच्या आधी पुठ्ठा द्या, आणि मुलाने फोटो दाखवला की "छान" म्हणण्याआधी तुमची नजर कुठे गेली ते सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. मोबाईल द्याल तेव्हा सहा फोटोंचं बंधन जरूर घाला, वेळेचं घालण्यापेक्षा ते जास्त चालतं. वेळ दिला की मूल वेळ भरतं, फोटो मोजून दिले की विचार करतं.

शिक्षकांनी प्रिंट काढताना स्टुडिओवाल्यांना आधीच सांगावं की कड कापू नका, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. तीन-चार जणांनी मिळून काढल्या तर परवडतात. मी यंदा वर्गाच्या सगळ्या प्रिंट काढल्या नाहीत, प्रत्येकाच्या सहांपैकी एकच. ती कोणती, ते ज्याने-त्याने निवडायचं. निवडायला दोन दिवस लागले आणि बरीच भांडणं झाली.

येत्या वर्षी मी वेळापत्रक बदलणार आहे. पुठ्ठे जूनमध्येच, मोबाईल ऑगस्टमध्ये, आणि भिंत गाड्या निघायच्या आधी. लग्नसराई चालू आहे, तेव्हा घरोघरी पत्रिका जपून ठेवायला सांगितलं आहे. जाड कागदाच्या असतील तर उत्तम. चकचकीत नको, उन्हात डोळ्यांवर चमकतात.